उन्हाळ्यात गाडी गरम का होते? : जुन्या मोटारींविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे आणि मे महिन्यात नागपुरातून दुसरा विषय येण्याची अपेक्षाही नव्हती. सर्व पत्रे छापणे शक्य नाही. म्हणून ज्यांच्या उत्तरांचा उपयोग इतरांनाही होईल अशी पत्रे निवडली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ सालची ॲम्बेसेडर मार्क टू आहे. शहरात, अगदी व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर अडकूनही, टेम्परेचरचा काटा जागेवर राहतो. पण रामटेकला निघालो की मनसरच्या अलीकडेच तो वर चढू लागतो आणि वेग कमी केला की खाली येतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, रेडिएटर फ्लश केला, तरी फरक पडला नाही. पाणी घरच्या बोअरवेलचे भरतो. आता हेड उघडावे लागेल असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. उघडू द्यावे का? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : तूर्त हेडला, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाला, हात लावू देऊ नका. आपल्या पत्रातच निदानाचा निम्मा भाग आहे, कारण गाडी गरम होते यापेक्षा ती केव्हा गरम होते ही माहिती अधिक मोलाची असते. उभ्या गाडीत हवा खेचण्याचे सारे काम पंख्यावर असते. त्यामुळे सिग्नलवर तापणाऱ्या गाडीत पंखा, बेल्ट आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ यांच्याकडे आधी पाहावे. आपली गाडी मात्र सिग्नलवर शांत राहते आणि भरपूर वारा मिळत असताना तापते. म्हणजे हवा पुरेशी आहे. एक तर इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता निर्माण करत आहे, नाही तर ती उष्णता वाहून नेण्याइतके पाणी रेडिएटरमधून फिरत नाही. या दोन्ही शक्यता हेड न उघडता तपासता येतात.

उन्हाळ्याचा वाटा किती, हेही समजून घ्यावे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ८५ अंशांवर असेल तर डिसेंबरच्या दुपारी, हवा २८ अंशांवर असताना, हा फरक ५७ अंशांचा असतो. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की तो ४० अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर तेवढ्याच पाण्यातून जवळजवळ तीस टक्के कमी उष्णता काढतो. निरोगी रेडिएटरमध्ये एवढी शिल्लक ठेवलेली असते. ज्याच्या एक तृतीयांश नळ्या बुजल्या आहेत तो हिवाळाभर कुरकुर न करता चालतो आणि नवतपा लागला की उघडा पडतो. म्हणून ‘ऊनच इतके आहे, गाडी तापणारच’ हा आपल्याकडचा ठरलेला निर्णय मला मान्य नाही. ही गाडी नवी असताना याच शहरात, याच उन्हात चालत होती.

सुरुवात इग्निशनपासून करा, कारण तिथे खर्च जवळजवळ नाही. ठिणगी उशिरा पडली की मिश्रण उशिरापर्यंत जळत राहते आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायला हवी ती एक्झॉस्ट वॉल्व्ह आणि त्याभोवतीच्या पाण्यात उतरते. वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडावी म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या आत स्प्रिंगला जोडलेली दोन वजने असतात; वर्षानुवर्षे तेलाचा थेंब न मिळाल्याने ती गंजून अडकली तर गाडी गावात बरी चालते आणि हमरस्त्यावर तापते. आपली तक्रार नेमकी अशीच आहे. टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) लावून ॲक्सिलरेटर वाढवला असता पुलीवरील खूण सरकली पाहिजे. ती जागीच राहिली तर वजने अडकली आहेत. व्हॅक्यूमची बारीक नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तोंडाने ओढून पाहा. श्वास अडला नाही, हवा सहज येत राहिली तर आतला पडदा फाटलेला आहे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची) फट फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान आहे ना तेही बघा, कारण पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि फट कमी झाली की टायमिंग आपोआप मागे पडते.

यानंतर गाडी गरम असताना बॉनेट उघडून दुसऱ्या कोणाला ॲक्सिलरेटर वाढवायला सांगा आणि रेडिएटरच्या खालच्या होज पाइपकडे पाहत राहा. हात आणि कपडे पंख्यापासून लांब ठेवा. हा पाइप पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर मऊ पडले असेल किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर वेग वाढताच पाइप चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद होते. इंजिन आयडलवर आले की पाइप पुन्हा गोल होतो, त्यामुळे उभ्या गाडीत हा दोष कोणाच्याच लक्षात येत नाही.

आता रेडिएटर. इन्फ्रारेड थर्मामीटर हल्ली स्वस्तात मिळतो. जुनी गाडी बाळगणाऱ्याने तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पितळेच्या चकचकीत भागावर तो खोटे, बहुधा कमी तापमान दाखवतो. म्हणून वरच्या आणि खालच्या टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवून त्यावर मोजावे. गाडी पुरेशी चालवून आणल्यावर लगेच जाळीवर ओळीने वाचने घ्या. वरून खाली तापमान सारखे उतरत गेले तर नळ्या मोकळ्या आहेत. मध्येच एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा बराच थंड लागला तर तिथून पाणी जातच नाही. या यंत्राने डॅशबोर्डवरचा काटा खरे बोलतो का, हेही कळते. ज्या गाड्यांत पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतो, त्यांत दोन्ही काटे एकदम वर जात असतील तर आधी त्या स्टॅबिलायझरचे अर्थिंग तपासावे. इंजिनात काहीही बिघाड नसण्याचा संभव असतो.

आपल्या गाडीतून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप) काढलेला आहे, ही गोष्ट इथे पुरावा म्हणून वापरता येते. थर्मोस्टॅट नसलेल्या इंजिनाचा काटा रस्त्यावर नेहमीपेक्षा खालीच राहायला हवा. तरीही तो चढत असेल, तर टायमिंग आणि होज पाइप ठीक निघाल्यानंतर रेडिएटरखेरीज संशयाला दुसरी जागा उरत नाही. फ्लशने फरक का पडला नाही, याचे उत्तर सोपे आहे : पाणी मोकळ्या वाटेने जाते. ज्या नळ्या उघड्या होत्या त्या अधिक स्वच्छ झाल्या आणि बुजलेल्या तशाच राहिल्या. जिथे वरची टाकी झाळ सोडवून उतरवतात आणि प्रत्येक नळीतून पोलादाची चपटी पट्टी खालपर्यंत घालतात, अशा कारागिराकडून रॉडिंग करून घ्या आणि टाकी उतरवल्यावर नळ्यांची तोंडे स्वतः जाऊन पाहा. नळ्यांचा पत्रा विरला असेल तर रॉडिंगनंतर त्या गळू लागतात. तसे झाल्यास जुन्या टाक्या ठेवून तांब्या-पितळेचा नवा कोअर बसवावा.

बोअरवेलच्या पाण्याने ब्लॉकच्या आत काय केले असेल, हे आपल्या कूलरची जाळी पाहून कळेल. खशीच्या ताट्यांवर दर उन्हाळ्यात जो पांढरा, खरखरीत थर बसतो तोच इथेही बसतो, फक्त गंजाने तपकिरी होऊन. हे क्षार गरम पाण्यात आणखी कमी विरघळतात, त्यामुळे इंजिनाचा जो भाग सर्वांत तापतो तिथेच ते साचतात आणि बिडाच्या तुलनेत त्यांच्यातून उष्णता कित्येक पटींनी कमी वाहते. आपल्या १४८९ सीसी इंजिनात गाळ प्रामुख्याने मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती बसतो. इंजिन पूर्ण थंड असताना ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन कॉक उघडा. पाणी आले नाही तर ब्लॉक रिकामा आहे असे समजू नका. कॉक काढून छिद्रात तार घाला. आधी काही येत नाही, मग तपकिरी चिखलाचा गोळा निघतो आणि त्यामागून पाणी भसकन बाहेर पडते. गाळ बराच असेल तर डमी प्लग (ब्लॉकच्या बाजूची छिद्रे बंद करणाऱ्या चकत्या) काढून आतून दाबाच्या पाण्याने धुवावे आणि नवे डमी शक्य तर पितळेचे बसवावेत. उरलेल्या क्षारांसाठी एका लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून इंजिन अर्धा तास गरम चालवावे, लगेच काढून टाकावे आणि पाणी निवळ येईपर्यंत धुवावे. आपल्या गाडीचे हेडही बिडाचे असल्याने हा उपाय चालतो. काही गॅरेजांत फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड वापरतात. ते गंजाबरोबर झाळही खाते, त्याला साफ नकार द्यावा.

हे सारे झाल्यावर नवा थर्मोस्टॅट बसवा. बसवण्यापूर्वी पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात तो दोऱ्याने लोंबकळत सोडा आणि थर्मामीटर धरून त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडू लागतो का ते पाहा. थर्मोस्टॅट काढून फेकणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्याने रोग बरा होत नाही. काटा चढायला थोडा वेळ अधिक लागतो एवढेच, आणि जानेवारीच्या सकाळी इंजिन थंडच राहून पेट्रोल सिलिंडरवरील तेल धुऊन काढते.

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची आहे. अमरावती रोडवर कोंढाळीजवळ बॉनेटमधून वाफ येऊ लागली. त्याआधी काही वेळ बॅटरीचा लाल दिवा लागलेला होता, पण त्याकडे लक्ष दिले नाही. शेजारच्या रसवंतीवरून बादलीभर गार पाणी आणून लगेच रेडिएटरमध्ये ओतले. नवा फॅन बेल्ट बसवून गाडी नागपूरला आणली. आता गळती कुठेही दिसत नाही, तरी पाणी कमी होते, आणि सकाळी सुरू करताच वरचा पाइप फुगून कडक होतो. — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आपण ओझरता उल्लेख केलेला लाल दिवा हाच या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दुवा होता. या गाडीत बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटर, पंखा आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. चालत्या गाडीत तो दिवा लागणे म्हणजे बहुतेक वेळा बेल्ट तुटला किंवा घसरू लागला असे समजून त्याच क्षणी बाजूला थांबायचे असते. तापमानाचा काटा त्यानंतर काही मिनिटांनी हलतो. पुढे पाणी पार उडून गेले तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

ॲम्बेसेडरचे हेड बिडाचे, तर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतले की हेड एका बाजूने आकसते, वाकते, कधी दोन वॉल्व्हच्या मध्ये तडकते. थंड इंजिन सुरू करताच पाइप कडक होतो याचा अर्थ पाण्यात दाब वाफेचा नाही, कारण पाणी अजून गरमच झालेले नाही. तो सिलिंडरमधल्या वायूचा आहे. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट उडालेले आहे किंवा हेडला तडा गेलेला आहे.

खात्री करून घेण्यासाठी गाडी रात्रभर थंड ठेवून सकाळी रेडिएटरचे झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि फॅन बेल्ट उतरवून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा. पंप बंद असल्याने पाणी स्थिर असते; त्यातून बुडबुड्यांची माळ सतत वर येत राहिली तर शंका उरत नाही. मग चारही स्पार्क प्लग काढा. तीन प्लगांवर नेहमीची तपकिरी काजळी आणि एक मात्र वाफेने धुतल्यासारखा पांढरास्वच्छ असेल, तर पाणी त्या सिलिंडरमध्ये जात आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम कमी निघाले तर गॅस्केट त्यांच्यामधल्या पट्टीवर जळले आहे. डिपस्टिकवर किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ फेस असेल तर तेल बदलल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरूच करू नये.

हेड पूर्ण थंड असतानाच उतरवावे आणि नट बाहेरून मध्याकडे टप्प्याटप्प्याने सैल करावेत. इतक्या वर्षांत ॲल्युमिनियम स्टडला धरून बसलेले असते. गंज सोडवणारे तेल घालून एक रात्र थांबा, पण सांध्यात छिन्नी ठोकू देऊ नका, कारण तिची एक खूण पुढच्या गॅस्केटला पुरेशी असते. हेडच्या पृष्ठावर सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर धरून खालून फीलर गेज घालावा. ०.१० मिलिमीटरची पाती शिरली तर फेसिंग, म्हणजे पृष्ठ घासून सपाट करणे, करावेच लागेल. मात्र फेसिंगपूर्वी हेड प्रेशर टेस्टला द्या. तडकलेल्या हेडला फेसिंग करणे म्हणजे पैसे दोनदा घालवणे होय. आधीच्या मालकांनी हेड किती वेळा घासले आहे याचाही अंदाज लेथवाल्याकडून घ्यावा. हेड पातळ होत गेले की कॉम्प्रेशन वाढते, इंजिन चढावर खडखडू लागते आणि पुन्हा तापते. जोडताना टॉर्क रेंच वापरून मध्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळावे. जुन्या पद्धतीचे गॅस्केट असेल तर थोडी गाडी चालवून, इंजिन थंड झाल्यावर मॅन्युअलप्रमाणे पुन्हा आवळणे आवश्यक आहे. त्यानंतर वॉल्व्हचे टॅपेट (वॉल्व्हची फट) पुन्हा सेट करावे लागतात, आणि ही पायरी सर्रास गाळली जाते.

पुन्हा अशी वेळ आलीच तर सावलीत थांबावे, इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. नंतर जाड ओले फडके टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, वाफ पूर्ण जाऊ द्यावी आणि मगच उघडावे. पाणी इंजिन चालू ठेवून बारीक धारेने भरावे. जादा बेल्ट डिकीत असू द्या. नव्या बेल्टचा ताण काही दिवसांनी पुन्हा तपासा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा.

प्रश्न : १९६८ची फियाट ११०० चालताना अजिबात तापत नाही. पण दुपारी इतवारीत दहा मिनिटे उभी केली की खाली पाणी सांडलेले असते आणि गाडी अर्धा तास सुरू होत नाही. मग आपोआप होते. — एक वाचक, महाल

उत्तर : इंजिन बंद होताच पंप आणि पंखा थांबतात, पण तापलेले बीड पाण्याला आणि आसपासच्या भागांना उष्णता देतच राहते. त्यामुळे बंद केल्यानंतरची काही मिनिटे सर्वांत गरम असतात. पाणी ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले की लिटरमागे साधारण ३० मिलिलिटरने वाढते. आपल्या रेडिएटरला सांडलेले पाणी परत घेणारी बाटली नाही, म्हणून काठोकाठ भरलेले पाणी बाहेर पडते. थंड असताना पातळी तोंडापासून चार-पाच सेंटिमीटर खाली ठेवून पाहा. त्या पातळीवर सांडणे थांबले तर दोष नाही.

गाडी सुरू न होण्याचे कारण पेट्रोल. त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात आणि इंजिनाला चिकटलेला, पेट्रोल खेचणारा पंप त्यापेक्षा कितीतरी अधिक तापतो. पंपात वाफ भरली की तो पेट्रोल ढकलू शकत नाही. पंपावर ओले फडके गुंडाळणे हा जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय आजही खरा आहे. कायमच्या उपायासाठी पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवून घ्या आणि पंप व कार्ब्युरेटरखालचे उष्णतारोधक ठोकळे जागेवर आहेत का ते पाहा. दुरुस्तीत ते काढून टाकलेले असण्याचा संभव मोठा आहे. उलट कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतू जाऊन इंजिन ओले झाले असेल तर चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. पेट्रोलच्या वासावरून दोन्हींतला फरक कळतो. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर या काळातले कार्ब्युरेटर मिश्रण पातळ देतात आणि जुन्या रबराचे पडदे व नळ्या लवकर खराब होतात. म्हणून पंपाचा डायफ्राम आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात, आणि प्लग फार पांढरे निघत असतील तर मेन जेट एक नंबर मोठा लावून पाहावा.

प्रश्न : जुन्या गाडीत कूलंट घालावे की साधे पाणी? जास्त दाबाचे झाकण लावले तर फायदा होईल का? — एक वाचक, कामठी

उत्तर : डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक तृतीयांश कूलंट घालावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून निम्मे प्रमाण लागत नाही. कूलंटमधले ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते, तेव्हा जास्त घालून तोटाच होतो. आपल्याला हवा असतो तो त्यातील गंजरोधक. तांब्या-पितळेच्या रेडिएटरसाठी सिलिकेट असलेले जुन्या पद्धतीचे कूलंट घ्यावे. रंगावर जाऊ नये, लेबल वाचावे आणि दर दोन वर्षांनी ते बदलावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी ‘फिल्टरचेच तर आहे’ म्हणून भरणारे लोक मला माहीत आहेत. त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात.

झाकणावर गाडीसाठी दिलेला आकडाच ठेवावा. दर एक पीएसआय दाबामागे उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो, हे खरे. पण ४ किंवा ७ पीएसआयसाठी झाळलेल्या टाकीवर १५चे झाकण लावले तर तो दाब सर्वांत जुन्या सांध्यातून बाहेर पडतो. आपले झाकण स्प्रिंग गेल्यामुळे दाब धरतच नाही, असे मात्र असू शकते. ते नवे घ्या.

प्रश्न : ॲम्बेसेडरला एसी बसवला आहे. सोबत इलेक्ट्रिक पंखा लावावा का? गाडीत अजून मूळचा डायनॅमो आहे. — एक वाचक, हिंगणा

उत्तर : आधी डायनॅमो बदलावा लागेल. तो साधारण २२ अँपियर देतो, तेही इंजिन वेगात असताना. आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही, आणि इलेक्ट्रिक पंख्याची गरज नेमकी तेव्हाच असते. हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि कंप्रेसरचा क्लच यांतच ते अँपियर संपतात. शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. त्यामुळे अल्टरनेटर बसवून कंडेन्सरपुढे पंखा लावणे योग्यच ठरेल, पण मूळ पंखा काढू नका. हवा मागच्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडे जाते ना, ते जाळीवर कागदाचा कपटा धरून पाहा. वायर उलट जोडलेले पंखे मूळ पंख्याशी झगडत असल्याचे पाहण्यात आले आहे. जोडणी स्विचमधून थेट न करता रिलेमार्फत, बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज देऊन करावी.